फळीवरचा डबा

आमची आत्या पडली नाही, तिथून ही गोष्ट सुरू होते. पडल्या त्या तिच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या काकू. न्हाणीघरात पाय घसरला, आधाराला म्हणून टॉवेलची दांडी धरली, तर दांडीच हातात आली. खुब्याचं हाड मोडलं, साताऱ्याला नेऊन ऑपरेशन झालं. ही बातमी वाईहून निघाली ती पुण्याला माझ्याकडे, नाशिकला ताईकडे आणि तिथून न्यू जर्सीला आत्याच्या मुलाकडे. संध्याकाळपर्यंत आमच्या घराण्यातल्या झाडून सगळ्यांना एकदमच आठवलं की आत्या 79 वर्षांची आहे आणि त्या जुन्या घरात एकटी राहते. म्हणजे माहीत आधीही होतं. पण असल्या गोष्टी दुसऱ्याचं हाड मोडल्याशिवाय आठवत नाहीत.

रात्री व्हिडिओ कॉल झाला. आत्या सोडून सगळे हजर होते. विषयच तिचा असल्यामुळे तिला बोलवायचं कुणाला सुचलं नाही. ठराव असा झाला की घर सुरक्षित करायचं. न्यू जर्सीने पैसे द्यायचे, नाशिकने सूचना द्यायच्या आणि पुणं वाईपासून जवळ, म्हणून हमाली मी करायची. 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं 10 कोटी 38 लाख होती. त्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला केव्हा ना केव्हा माझ्यासारखा एक भाचा येत असणार, हातात मोजायची टेप आणि चेहऱ्यावर काळजी घेऊन.

वाईचं घर म्हणजे दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या भिंती, न्हाणीत शहाबादी फरशी, दर दोन खोल्यांमध्ये उंबरठा, आणि माडीवर जाणारा लाकडी जिना असा की चढताना गुडघा हनुवटीला लागावा. पावसाळ्यात अंगणात शेवाळं धरतं. सुरक्षिततेच्या पुस्तकात जे जे नको म्हणून लिहिलेलं असतं, ते ते सगळं या घरात सागवानी चौकटीत बसवलेलं आहे. आत्या त्यात 56 वर्षं वावरते आहे. वीज गेली तरी ती आतल्या खोलीतून काडेपेटी घेऊन येते, वाटेतले तीनही उंबरठे मोजून ओलांडते आणि वर मला विचारते, “घाबरलास का?”

आत्या गणिताची शिक्षिका होती. निवृत्त होऊन 21 वर्षं झाली, तरी माणसाकडे अजून उत्तरपत्रिकेकडे बघावं तशी बघते. मी टेप, खडू आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच काढलं तेव्हा तिने चष्मा पुसला.

“हे काय?”

“चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजच्यासारखं चालायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याची भीती आहे असं धरतात.”

चाचणी खरी आहे. कॅनडातल्या दोन संशोधिकांनी 1991 मध्ये मांडली आणि आता जगभर डॉक्टर ती वापरतात. तिच्यासाठी लागते फक्त एक खुर्ची आणि एक घड्याळ. आत्यासारखा विद्यार्थी मात्र त्या दोघींना भेटलेला नसावा. मी मारलेली खडूची रेघ तिरकी आहे, इथपासून सुरुवात झाली. ती सरळ करून झाल्यावर आत्या खुर्चीतून उठली, दोन पावलं चालली, फडफडणारं कॅलेंडर नीट केलं, पंखा बंद केला (“इथे कुणी बसलंय का?”), जमिनीवरचा शेंगदाणा उचलून खिडकीत चिमणीला ठेवला, रेघेवर पाय ठेवून वळली, परत येऊन बसली.

“किती?”

“एक मिनिट पन्नास सेकंद.”

“त्यातून कामं वजा कर.”

दुसऱ्या खेपेला ती उठली आणि त्याच क्षणी बाहेर “मेथी घ्या मेथी” अशी आरोळी आली. मधला उंबरठा धरून दार चार मीटरवर आहे. आत्या पाच सेकंदांत दारात होती. चाचणीच्या नियमांत मेथी बसत नसल्याने हा निकाल मी ग्राह्य धरला नाही. तिसऱ्या खेपेला अकरा सेकंद लागले.

“काठावर पास,” मी म्हणालो.

“माझ्या वर्गात काठावर पास झालेले सगळे आज बंगल्यात राहतात,” आत्या म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

मग दिव्यांचा प्रश्न. आपल्याकडची म्हातारी माणसं पडतात त्याचं एक मोठं कारण वीजबिल आहे, असं माझं मत झालं आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे वय वाढेल तसा दिवा मोठा हवा. आपल्याकडे वय वाढेल तसा दिवा लहान होत जातो आणि शेवटी झिरोच्या बल्बवर येऊन थांबतो. आत्याच्या घरात रात्री तोही लागत नव्हता. रात्री दोनदा उठून न्हाणीपर्यंत जायचं, वाटेत एक उंबरठा आणि खाटेशेजारी जमिनीवर रचलेले मराठी विश्वकोशाचे खंड. (विश्वकोशाचं काम वाईतूनच चालतं, गावाचा अभिमान म्हणून ते खंड खाटेशी. त्यांच्यावर पाय पडला तर आत्या आधी खंडाला नमस्कार करील आणि मग पडेल.)

आर्जवं करून उपयोग नव्हता. मी गणित घातलं. “आत्या, अर्ध्या वॅटचा एलईडीचा दिवा रोज आठ तास लावला, तर एक युनिट किती दिवसांत जळेल?”

तिने पाठकोरा कागद ओढला. “अडीचशे दिवस.”

“आणि जुना झिरोचा बल्ब?”

“शून्य वॅट, म्हणजे...”

“नावाला शून्य. खातो पंधरा वॅट.”

आत्याने पेन्सिल खाली ठेवली. इतकी वर्षं शून्य म्हणून जो घरात राहिला तो पंधरा निघाला, याचा तिला मनापासून धक्का बसला. “तीसपट लबाडी,” असं म्हणून तिने खाटेजवळ, बोळात आणि न्हाणीच्या दारात असे तीन दिवे मंजूर केले. हालचाल झाली की आपोआप लागणारे. त्यांचा पहिला लाभ मांजराने घेतला. ते रात्रभर येरझाऱ्या घालतं आणि घरात ज्या एकाच जिवाला अंधारात दिसतं, त्याच्यापुढे दिवे लागत जातात, मंत्र्याच्या गाडीपुढे लागावेत तसे.

उठण्याबाबत डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा झोपेतून उठून ताडकन चालू लागायचं नाही. एखादं मिनिट खाटेच्या कडेला बसायचं, मग पाय टाकायचे. झटकन उभं राहिलं की दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आत्या म्हणाली, “मी रोज बसतेच की. हातांकडे बघून श्लोक म्हणते, भूमीची क्षमा मागते, मग पाऊल ठेवते. वेळ लाव हवं तर.” लावली. चाळीस सेकंद. आणखी एक श्लोक वाढवायला सांगितला. ही गोष्ट मी तुम्हाला हळू आवाजात सांगतो आहे. व्हॉट्सअ‍ॅपला कळली तर ‘आपल्या पूर्वजांना सारं ठाऊक होतं’ म्हणून उद्या सकाळी मलाच परत येईल.

गॅसचं काम झटक्यात झालं. नारिंगी नळीची मुदत पाच वर्षांची असते, तिची केव्हाच उलटली होती, बदलली. रात्री रेग्युलेटर बंद करायला सांगणार होतो, पण आत्या तो बंद करते, मग बंद केला का हे बघते, मग आपण बघितलं का हे बघायला पुन्हा उठते. कमोडवरून फार वाद झाला नाही. गुडघ्यांनी परस्पर निकाल दिला होता. पायपुसण्यावरून मात्र झाला. ते आत्याने आतोबांच्या जुन्या धोतराचं शिवलेलं, आणि फरशीवर असं सरकायचं की त्यावर उभं राहून पोस्टापर्यंत जाता यावं. टाकून दे म्हणायची माझी छाती नव्हती. खालून रबराची जाळी शिवून घेतली. आतोबा हयात असतानाही इतके एका जागी कधी बसले नव्हते, असं आत्याच म्हणाली.

खरी लढाई न्हाणीत झाली. वहिनीने न्यू जर्सीहून भिंतीला चिकटणारी एक दांडी पाठवली होती, रबरी वाट्यांची, दाबली की घट्ट बसते म्हणे. ती बसायला भिंत आरशासारखी लागते. आत्याच्या न्हाणीची भिंत म्हणजे सह्याद्रीचा नकाशा. दांडी चिकटली, आम्ही दोघं कौतुकाने बघत उभे राहिलो आणि चहा होईस्तोवर ती बादलीत पडली. अशा दांडीवर अंगाचा भार टाकायचा नसतोच. ती तोल सावरण्यापुरती, आणि आमची तर तेवढ्यापुरतीही नव्हती. आता ती फ्रिजच्या दाराला आहे. तिथून मात्र निघता निघत नाही.

मग स्टीलची खरी दांडी आणली. जमिनीपासून 33 ते 36 इंचांवर, माणसाचा सगळा भार पेलेल अशी. प्लंबरने ड्रिल लावलं, भुसभुशीत माती दोन मुठी खाली आली आणि तो म्हणाला, “ह्या भिताडात इस्क्रू न्हाई धरायचा, सायेब.” गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं, आणि सांगितलं, “आरपार बोल्ट घालू. पल्याडनं पट्टी लावून आवळायचं. घर पडंल, दांडी न्हाई पडायची.”

भिंतीच्या पल्याड काय आहे, याचा विचार कुणी केला नव्हता. पल्याड स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात देव्हारा. ड्रिलचं टोक बाहेर आलं ते अन्नपूर्णेपासून दोन बोटांवर. आत्या त्या वेळी फुलं वाहत होती. तिने टोकाकडे पाहिलं, अन्नपूर्णेकडे पाहिलं आणि भिंतीला तोंड लावून ओरडली, “अरे, निदान देवाला तरी विचारायचं होतं!”

देव्हारा हातभर सरकवला. चार बोल्ट, पलीकडे लोखंडी पट्टी, वर चार नट. आठवड्याभराने गेलो तर त्या चार नटांवर झारा, पळी, चिमटा आणि किसणी टांगलेली. मी काही बोलणार, एवढ्यात आत्या न्हाणीत गेली आणि थोड्या वेळाने झारा चिमट्यावर किणकिणला. आत कुणी दांडीला धरून उठलं की बाहेर भांडी वाजतात. समोरच्या काकूंना आता कळतं, आत्याची अंघोळ झाली, चहाला जायला हरकत नाही. न्यू जर्सीला हे यंत्र काय किमतीला पडलं असतं, याचा मी हिशोब मांडला नाही.

दाराचंही एक राहिलंच. न्हाणीचं दार आत उघडायचं. आत माणूस पडला की दाराला अडसर त्याचाच होतो आणि बाहेरच्यांना दार फोडावं लागतं. म्हणून बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं केलं. याला आत्याची ना नव्हती. पण कडी बाहेरूनही उघडता येणारी असावी, असं म्हटल्याबरोबर तिचा आवाज शाळेतला झाला. “बाहेरून उघडते ती कडी कसली? मग पडदाच लाव ना!” खूप घासाघीस होऊन तोड निघाली ती अशी: खाचेत नाणं घालून फिरवलं तरच उघडेल अशी कडी. आणि नाणं कुठलं, तर आत्याने जपून ठेवलेलं चार आण्याचं, 2011 साली चलनातून गेलेलं. ते चौकटीला दोऱ्याने बांधलं आहे. सरकारने ज्याला निवृत्त केलं त्याला आत्याने पुन्हा नोकरीवर घेतलं.

आणि आता कॅमेरा. कॅमेऱ्याची कल्पना आतेभावाची. स्वयंपाकघर दिसेल असा एक, बैठकीत एक. न्यू जर्सीत बसून आई काय करते हे बघता येईल, शिवाय त्यातून बोलताही येईल. मी बसवून दिले. आत्याने पहिल्या दिवशी कॅमेऱ्याला हळदीकुंकू लावलं, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पाठ केली, तिसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलायला लागली. “बघ, आज भेंडी. तुला आवडत नाही म्हणून केली नव्हती इतकी वर्षं.”

पाचव्या दिवशी तिकडे रात्रीचे अकरा, इकडे सकाळचे साडेआठ. आतेभाऊ झोपण्यापूर्वी सहज बघतो तर आई स्टुलावर उभी. स्टूल लाकडी, तीन पायांचं, एक पाय इतरांपेक्षा अर्ध्या इंचाने स्वतंत्र विचारांचा. आत्याचे दोन्ही हात वरच्या फळीवर. पोटचा पोरगा तो, कळवळला, आणि बटण दाबून ओरडला, “आई, खाली उतर!”

रिकाम्या घरात, डोक्यामागून, सातासमुद्रापलीकडचा आवाज. इतक्या वर्षांत त्या स्टुलावरून आत्या एकदाही डगमगली नव्हती. त्या दिवशी डगमगली. फळी धरली म्हणून वाचली; एक डबा खाली आला, त्यात सुदैवाने शेवया होत्या. उतरल्यावर ती कॅमेऱ्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तू बाळ असताना झोपाळ्यावर चढायचास, तेव्हा मी मागून ओरडायची नाही. पुढे येऊन उभी राहायची.” मग त्याच्यावर हातरुमाल टाकला. तो हातरुमाल ती दर सोमवारी धुते आणि वाळला की पुन्हा टाकते.

त्या रात्रीच्या व्हिडिओ कॉलला आत्याला पहिल्यांदाच बोलावलं गेलं. ती आली, सगळ्यांचं म्हणणं ऐकलं आणि विचारलं, “मी पडले तर काय, हे सगळे सांगताय. मी चढते कशाला, हे कुणी विचारलंत का?”

कुणीच विचारलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी जाऊन विचारलं. उत्तर फळीवर होतं. वरच्या फळीवर, अगदी मागे, पितळी डबा. त्यात बेसनाचे लाडू. हा डबा तिथे कसा गेला, ते मला माहीत होतं, कारण तो माझ्यामुळे गेला होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच भावंडं वाईला यायचो आणि डबा दोन दिवसांत रिकामा करायचो. म्हणून आत्याने तो वर नेला. आम्ही मोठे झालो, आपापल्या गावांना पांगलो, आमचे केस गेले. डबा तिथेच. चाळीस वर्षं ती बाई लहान मुलांपासून लाडू वाचवण्यासाठी स्टुलावर चढते आहे, आणि त्यातलं सगळ्यात लहान मूल आता बेचाळीस वर्षांचं आहे.

दांड्या, दिवे, कॅमेरे यांतलं काहीच केलं नसतं आणि एवढा डबा खाली आणला असता, तरी अर्धं काम झालं असतं. आम्ही दोघांनी सगळी फळी उतरवली. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, जड ते कमरेशी, वर्षातून एकदा लागणारं माळ्यावर आणि तेही दुसऱ्याने काढायचं. सोऱ्या, तीन अडकित्ते, आतोबांची पानाची चंची, एका पाटावर दुसरा असे नऊ पाट, आणि कुणाच्या लग्नात आलेला हे कुणालाच आठवत नाही असा न उघडलेला लेमन सेट. लाडवांचा डबा ओट्याशेजारच्या कपाटात, थेट हाताशी. स्टूल मी गाडीच्या डिकीत घालून पुण्याला आणलं. आत्याने त्याला जाताना हात लावला, पण बोलली नाही.

फोनचंही तेव्हाच उरकलं. तो टेबलावर असायचा, आणि पडलेल्या माणसाला टेबल काशीइतकं लांब. आत्याने कमरेला खोचायचा बटवा शिवला. त्यात फोन आणि आलेपाक. भिंतीवर मोठ्या अक्षरांत नंबर लिहिले: रुग्णवाहिकेचा 108, तातडीच्या मदतीचा 112, ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनचा 14567. आत्याने त्या सगळ्यांच्या वर समोरच्या काकूंचा लिहिला. “108 ला रस्ता कोण सांगणार? त्याच.” मग 14567 खरा आहे का हे बघायला तिने लावून पाहिला, पलीकडच्या मुलीशी वीस मिनिटं बोलली आणि तिचं लग्न ठरत नाही ही माहिती घेऊन फोन ठेवला. ती लाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते. “म्हणजे आठनंतर पडायचं नाही,” आत्याने बटव्याची नाडी ओढली.

दिवाळीच्या आधी मी पुन्हा वाईला गेलो. दिवे लागत होते, झारा किणकिणत होता, अंगणात शेवाळं खरवडून ब्लीचिंग पावडर टाकलेली. हातपाय धुऊन मी सरळ ओट्याशेजारचं कपाट उघडलं. डाळीचे डबे, गूळ, पोहे. पितळी डबा नाही.

मान वर केली. फळीवर, अगदी मागे, चकाकत होता.

“आत्या! तू पुन्हा चढलीस?”

“मी कशाला चढू? समोरच्या काकूंचा नातू सहा फुटांचा आहे, त्याने ठेवला.” ती पणत्यांना पाण्यातून काढत होती. “तू येणार म्हणून काल ठेवून घेतला. तुझी साखर वाढलीये, ताईने सांगितलं मला.”

मी इकडेतिकडे पाहिलं.

“स्टूल शोधतोयस का?” आत्या म्हणाली. “ते पुण्याला आहे.”